आधी रेक मोजा, मग टनांचं बोला: कोळसा मंत्रालय आणि रेल्वे बोर्डाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, कोळसा मंत्रालय, नवी दिल्ली
मा. अध्यक्ष, रेल्वे बोर्ड, नवी दिल्ली
मा. अध्यक्ष, कोल इंडिया लिमिटेड, कोलकाता

महोदय,

डिसेंबर 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'कोलसेतू' नावाने कोळसा लिंकेजच्या, म्हणजे ठरलेला कोळसा ठरावीक काळ मिळण्याच्या कराराच्या, लिलावाची नवी खिडकी मंजूर केली. या खिडकीतून कोळसा घेणाऱ्याला त्यातला निम्म्यापर्यंत कोळसा परदेशी पाठवायची मुभा आहे. आजवर आपण नेपाळ, बांगलादेश, भूतान या शेजाऱ्यांना वर्षाकाठी जेमतेम दहा-वीस लाख टन कोळसा देत आलो. 2024-25 मध्ये देशाचं उत्पादन 104 कोटी टनांच्या पुढे गेल्यावर निर्यातीची भाषा सुरू होणार हे दिसतच होतं. त्याच वर्षी आपण 24 कोटी टनांच्या आसपास कोळसा आयात केला, ही गोष्ट वेगळी. त्यात पोलादासाठीचा कोकिंग कोळसा बराच आहे आणि किनाऱ्यावरची काही वीज केंद्रं आयात कोळशावरच बांधलेली आहेत, त्यामुळे आयात असताना निर्यात का, असा बाळबोध प्रश्न मी विचारत नाही.

माझा प्रश्न साधा आहे. हा कोळसा न्यायचा कशावरून?

वर्धा खोऱ्यातल्या कोळसा पट्ट्यात, डिस्पॅचच्या कामात माझी नोकरी गेली. खाणीतून कोळसा काढणारे वेगळे, आम्ही तो पाठवणारे. काढणाऱ्यांचा सत्कार होतो, पाठवणाऱ्यांना फोन येतात. रोज रात्री 'उद्या किती रेक', म्हणजे कोळशाच्या किती मालगाड्या, हा एकच प्रश्न असायचा आणि त्याचं उत्तर आमच्या हातात नसायचं. तेवढ्या अनुभवावर हे पत्र लिहितो आहे.

या भागातल्या खाणी चालवणाऱ्या, कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनीचं 2023-24 चं उत्पादन 6 कोटी 91 लाख टन होतं. तीन वर्षांपूर्वी ते पाच कोटींच्या आसपास होतं. तीन वर्षांत जवळजवळ दोन कोटी टनांची वाढ ही साधी गोष्ट नाही. या भागात कोळशावर मातीचे थर जाड, ते ओव्हरबर्डन काढतानाच दमछाक होते, त्यात काळी माती आणि पावसाळ्यात वर्धा-पैनगंगेचं पाणी. तरी निलजई, उकणी, मुंगोली, पैनगंगा या खाणींनी आकडा वर नेला. पण वर्धा-बल्लारशा लोहमार्ग त्या प्रमाणात वाढला का? हा मार्ग दिल्ली-चेन्नई वाहतुकीचा मुख्य रस्ता आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी बहुतेक प्रत्येक महत्त्वाची गाडी इथून जाते. घुग्घुसचा फाटा ताडाळीला येऊन मिळतो, वणीचा माजरीला. दोन्हीकडून भरून आलेले रेक या मुख्य मार्गावर शिरायची वाट पाहत उभे राहतात. राजधानी जाते, दुरांतो जाते, मागून आणखी एक एक्स्प्रेस येते, आणि कोळशाचा रेक भांदक किंवा वरोऱ्याच्या लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभा. तिसऱ्या मार्गाचं काम टप्प्याटप्प्याने होत आलं. उत्पादनाचं लक्ष्य मात्र टप्प्याटप्प्याने वाढत नाही, ते एक एप्रिलला एकदम वाढतं.

रेक म्हणजे काय ते दिल्लीत बसून कळत नाही असं मी म्हणणार नाही, पण आकड्यांच्या तक्त्यात तो दिसत नाही हे खरं. एका रेकला 58-59 वाघिणी, कोळसा साधारण 4 हजार टन. साइडिंगवर, म्हणजे कोळसा भरायच्या रुळावर, रेक लागला की घड्याळ सुरू होतं. सायलो, म्हणजे कोळसा साठवायची उंच टाकी, असेल तर वाघिणी सावकाश पुढे सरकत राहतात, वरून मापून कोळसा पडतो आणि तासाभरात काम होतं. सायलो नसेल तर पे-लोडर. खाणीतून टिपर येऊन साइडिंगवर ढीग घालतात, पे-लोडर बकेट भरून वाघिणीत ओततो आणि वर चढलेली माणसं फावड्याने कोळसा सपाट करतात. याला चार-पाच तास लागतात, पाऊस असेल तर विचारू नका. ओला कोळसा जड होतो. डोळ्याच्या अंदाजाने भरलेली वाघीण काट्यावर गेली की ओव्हरलोड निघते आणि रेल्वेचा दंड बसतो. दंडाच्या भीतीने हात आखडला तर वाघीण अंडरलोड जाते आणि रिकाम्या जागेचंही भाडं भरावं लागतं. रेक वेळेत सुटला नाही तर डेमरेज, म्हणजे खोळंब्याचा आकार. हे सगळं होऊन रेक सुटायला तयार झाला की इंजिन नसतं, किंवा इंजिन असतं आणि ड्रायव्हरची ड्युटी संपलेली असते.

फर्स्ट माइल कनेक्टिव्हिटी या नावाने आपण सायलो आणि कन्व्हेयर पट्टे उभे करत आहात, त्याचं मनापासून स्वागत. एक अडचण मात्र सांगतो. सायलोमुळे भरायचे चार तास वाचतात. पुढे तोच रेक लूप लाइनवर दहा तास उभा राहिला तर वाचलेले चार तास कोणाच्या पदरात पडले? विहिरीला पाणी किती लागलं यावर मळा भिजत नाही, मोटेतून किती आलं यावर भिजतो.

2021 ची आठवण आपल्या तिघांच्याही कार्यालयांत ताजी असेल. मार्च 2021 अखेर कोल इंडियाच्या खाणींवर 9 कोटी 90 लाख टन कोळसा पडून होता. कोरोनामुळे मागणी मंदावलेली, वीज कंपन्यांनी उचल कमी केलेली, थकबाकीचा तगादा चाललेला. आमच्याकडे ढिगाला जागा उरली नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये देशातल्या वीज केंद्रांकडे सरासरी चार दिवसांचा कोळसा राहिला आणि खाणींवरचा साठाही चार कोटी टनांवर उतरला. सगळीकडे 'कोळशाची टंचाई' असे मथळे आले. मी तिला कोळशाची टंचाई म्हणत नाही. वसंतात कोळसा होता आणि रेकही होते, पण भरायला कोणी तयार नव्हतं. शरदात सगळेच भरायला तयार झाले आणि रेक पुरेनात. कोळसा सहा महिने ढिगात ठेवता येतो, वारा-पावसाने थोडा खराब झाला तरी. एप्रिलमध्ये न धावलेला रेक सप्टेंबरमध्ये काढून वापरता येत नाही. वाहतुकीची क्षमता शिल्लक टाकता येत नाही, हे उत्पादनाची लक्ष्यं ठरवणारे विसरतात.

पुढच्या उन्हाळ्यात, एप्रिल-मे 2022 मध्ये, कोळशाच्या रेकना वाट मिळावी म्हणून रेल्वेने प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द केल्या. वीज केंद्रांना प्राधान्य मिळालं आणि ते योग्यच होतं. पण त्या काळात राजुरा-कोरपना पट्ट्यातल्या सिमेंटवाल्यांना, स्पंज आयर्नच्या (पोलादासाठी लागणाऱ्या कच्च्या लोखंडाच्या) भट्टीवाल्यांना विचारा. पैसे भरलेले, कोळसा खाणीवर दिसतो आहे, रेक मात्र नाही. बिगर-वीज ग्राहक रांगेत शेवटी. आता निर्यातदार येणार तो या शेवटच्या माणसाच्याही मागे उभा राहणार. मग त्याला लिंकेज देताना आपण नेमकं काय विकत आहात? कोळसा की कोळशाची पावती?

थोडा हिशेब करू. वर्षाला एक कोटी टन कोळसा या भागातून विशाखापट्टणमच्या बाजूला पाठवायचा म्हटलं तर 4 हजार टनांच्या हिशेबाने अडीच हजार रेक, म्हणजे रोजचे सात. अंतर आठशे किलोमीटरच्या आसपास. भरणं, जाणं, बंदराच्या यार्डात वाट पाहणं, रिकामं होणं, परत येणं, एका फेरीला पाच दिवस धरा, हे मी उदार मनाने धरतो आहे. म्हणजे 35 रेक कायमचे याच कामाला बांधले गेले. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र 2920 मेगावॉटचं. पूर्ण क्षमतेने चाललं तर त्याला रोज 40 हजार टनांहून जास्त कोळसा लागतो, रेकच्या भाषेत दहा-अकरा. जवळच्या साइडिंगवरून केंद्रापर्यंत रेक दिवसाभरात फेरी मारू शकतो. निर्यातीत अडकलेले ते 35 रेक जवळच्या फेऱ्यांना लावले तर चंद्रपूर केंद्राची गरज तीनदा भागेल. याचा अर्थ निर्यात करूच नये असा नाही. पण निर्यातीचा एक टन आणि जवळच्या केंद्राला दिलेला एक टन यांना वाहतुकीच्या वहीत एकच मोल देता येणार नाही. लांबचा टन पाचपट महाग आहे, पैशात नव्हे, रेक-दिवसांत.

पश्चिमेकडे मुंबईच्या बंदरांकडे न्यायचं म्हटलं तर वाटेत कसारा घाट आहे. 37 ला 1 चा चढ आणि मागून ढकलणारी बँकर इंजिनं. रिकामे रेक परत येताना तोच चढ चढतात आणि त्याच वाटेवर नाशिक-मुंबईची प्रवासी वाहतूक. कोणी नकाशावर सरळ रेषा मारून 'जेएनपीए (न्हावा शेवाचं बंदर) जवळ आहे' असं सांगत असेल तर त्याला एकदा इगतपुरीला दिवसभर उभं करा.

जहाजाचा हिशेब आणखी कडक असतो. पॅनामॅक्स जातीचं जहाज 70-75 हजार टन घेतं. म्हणजे अठरा रेक. ते अठरा रेक ठरलेल्या आठवड्यात, ठरलेल्या ग्रेडचे, एकाच प्लॉटवर गोळा व्हायला हवेत. त्यातले सहा रेक उन्हाळ्याच्या आणीबाणीत वीज केंद्राकडे वळवले, जसे ते वळवले जाणारच, तर जहाज नांगर टाकून उभं. तिथलं डेमरेज डॉलरमध्ये आणि ते वीज मंत्रालय भरत नाही. शिवाय ज्या महिन्यात आपल्याकडे विजेची मागणी शिगेला जाते, त्या महिन्यात परदेशी कोळशाचा भावही चांगला असू शकतो. 2022 मध्ये नेमकं तसंच झालं होतं. म्हणजे निर्यातदाराला कोळसा जेव्हा सगळ्यात जास्त हवा तेव्हाच त्याचे रेक सगळ्यात आधी थांबणार.

हे केवळ माझं भय नाही. दक्षिण आफ्रिकेत रिचर्ड्स बे इथे जगातल्या मोठ्या कोळसा बंदरांपैकी एक आहे. वर्षाला 9 कोटी 10 लाख टन पाठवायची त्याची क्षमता. ते खाण कंपन्यांच्या मालकीचं, उत्तम चालवलेलं. म्पुमलांगाच्या खाणींपासून तिथवर साधारण 580 किलोमीटरचा खास कोळशासाठीचा लोहमार्ग आणि त्यावर दोनशे वाघिणींच्या गाड्या, आपल्या रेकच्या तिप्पट लांबीच्या. 2017 मध्ये तिथून 7 कोटी 60 लाख टनांहून जास्त कोळसा गेला. मग सरकारी रेल्वे कंपनी ट्रान्सनेटची घसरण सुरू झाली. इंजिन खरेदीच्या करारातला घोटाळा आणि त्यावरून पुरवठादाराशी वाद, सुटे भाग मिळेनात म्हणून इंजिनं उभी, वरून तांब्याच्या तारांची चोरी. 2022 मध्ये युरोपने रशियन कोळसा बंद केला, भाव आभाळाला भिडले, आणि त्याच वर्षी रिचर्ड्स बे पाच कोटी टनांवर आलं. 2023 मध्ये 4 कोटी 72 लाखांवर. खाणींनी काय केलं? ढीग मावेनासे झाले तेव्हा उत्पादन कमी केलं आणि परवडेल तेवढा कोळसा ट्रकने रस्त्यावर घातला. त्या बंदराच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांत आपणच आहोत, आपल्याकडचे स्पंज आयर्नवाले त्या कोळशाची वाट पाहत होते. खाण तयार, बंदर तयार, गिऱ्हाईक तयार, आणि मधला लोहमार्ग नाही.

उलटं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलचं. 2007 च्या जूनमध्ये त्या बंदराबाहेर सत्तरहून जास्त जहाजं रांगेत उभी होती. प्रत्येक खाण आपापली योजना करायची, प्रत्येकाने जहाज बोलावलेलं, आणि साखळी एकूण किती नेऊ शकते हे एकत्र बसून मोजण्याची सक्ती कोणावरच नव्हती. पुढे हंटर खोऱ्यातल्या खाणी, रूळ सांभाळणारी संस्था, गाड्या चालवणारे आणि बंदरवाले यांनी मिळून एक समन्वय कंपनी पक्की केली. खाण ते जहाज अशी सबंध साखळी वर्षभरात किती टन नेईल हे आधी जाहीर होतं. देखभालीसाठी रूळ कधी बंद, बंदराचं यंत्र कधी बंद, हे दिवस एकमेकांशी जुळवले जातात. खाणमालक त्या क्षमतेतला वाटा आगाऊ घेतो, वापरला नाही तरी पैसे भरतो, आणि आपलं उत्पादन त्या वाट्यावरून ठरवतो. आपल्याकडे हे उलटं आहे. आधी खाण किती काढणार ते ठरतं, मग रेल्वेला सांगितलं जातं, आणि मग मार्चमध्ये दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

आपल्याकडे आंतरमंत्रालयीन उपगट आहे, वीज, कोळसा आणि रेल्वेची माणसं त्यात बसतात, हे मला माहीत आहे. संकटात त्या उपगटाने केंद्रं बंद पडू दिली नाहीत, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण उद्याचा रेक कोणाला द्यायचा हे तो ठरवतो. पुढच्या वर्षी कोणत्या खाणीने किती काढावं हे त्याच्यापुढे येत नाही. ते यायला हवं, आणि रेल्वेच्या माणसाला तिथे 'नाही' म्हणायचा अधिकार हवा. एखाद्या साइडिंगमागचा मार्ग दिवसाला आठ रेक नेऊ शकत असेल तर तिथल्या खाणीला बारा रेकचं लक्ष्य देणाऱ्याच्या हातात त्याने तो कागद परत द्यावा.

न गेलेल्या कोळशाचं काय होतं तेही पाहा. ढीग उंच होत जातो. नीट दाबला नाही तर आत हवा शिरते, कोळसा गरम होतो, एका पहाटे ढिगाच्या कडेने पांढरा धूर दिसतो. मग डोझर लावून तो भाग कापायचा, पसरायचा, पाणी मारायचं. पाणी मारलेला कोळसा भरला की ग्राहक ओलावा आणि ग्रेड यावरून भांडतो. उत्पादन वाढल्याची बातमी छापून येते तेव्हा या ढिगाचा फोटो कधी नसतो. आणि रेल्वे कमी पडली की कोळसा रस्त्यावर येतो. वणी, घुग्घुस, वरोरा भागात रस्त्यालगतच्या शेतातला कापूस बोंडातच काळवंडतो आणि बाजारात त्याला भाव पडतो. त्या शेतकऱ्याने कोणतीही लिंकेज घेतलेली नसते.

धुलाईबद्दल एक वेगळी तक्रार आहे. 34 टक्क्यांहून जास्त राखेचा कोळसा 500 किलोमीटरपलीकडे नेताना तो धुतलेला किंवा कमी राखेचा असावा, अशी अट पूर्वी होती. पर्यावरण मंत्रालयाने ती मे 2020 मध्ये काढली. कारणं काहीही असोत, रेकच्या दृष्टीने तो निर्णय उलटा होता. राख जळत नाही, ती फक्त रेल्वेत बसून फिरायला जाते. परदेशी गिऱ्हाईक जास्त राखेचा कोळसा तसाही घेणार नाही, मग निर्यातीच्या कोळशाला तरी खाणीजवळच धुवायची अट पुन्हा घाला. अडीच हजारातले काही शे रेक त्यातच वाचतील.

हंगामाचा विचारही कोणी केलेला दिसत नाही. पावसाळ्यात खाणीत पाणी, उत्पादन कमी. एप्रिल ते जून वीज केंद्रांची ओढ. निर्यातीला मोकळीक राहते ती डिसेंबर ते फेब्रुवारी. पण त्याच महिन्यांत केंद्रांनी उन्हाळ्याचा साठा भरून ठेवायचा असतो, आणि 2021 चा धडा तर तोच आहे. म्हणजे खरी मोकळी क्षमता वर्षात काही आठवड्यांची आहे. ती किती, हे मला सांगता येणार नाही. आपल्याला येईल, कारण रेल्वेकडे प्रत्येक विभागाच्या मार्गक्षमतेचे आकडे आहेत.

म्हणून मागणी अशी आहे. या खिडकीतून निर्यातीसाठी कोळसा देण्याआधी साइडिंगवार आणि महिनावार तक्ता जाहीर करा: या साइडिंगवरून या महिन्यात वीज केंद्रांचे रेक वजा जाता किती रेक उरतात. तेवढ्याच टनांचा लिलाव करा. घेणाऱ्याला रेक मिळाले नाहीत तर त्याची भरपाई कोणी करायची, रेल्वेने की कोल इंडियाने, हे करारात लिहा. आणि खाणीच्या महाप्रबंधकाचं वार्षिक मूल्यमापन काढलेल्या टनांवर करू नका, पोचलेल्या टनांवर करा. हे शेवटचं फुकटात होण्यासारखं आहे, त्याला ना सायलो लागतो ना तिसरा मार्ग. पुढच्या एक एप्रिलला लक्ष्यं वाटली जातील तेव्हा निदान एका क्षेत्रात, वणी म्हणा की बल्लारपूर, हे करून पाहा.

आपला,
कोळसा पाठवण्याच्या कामातून निवृत्त झालेला एक कर्मचारी
जिल्हा चंद्रपूर